निळसर धूर

काचेवर टकटक झाली तेव्हा मी सिग्नलला उभी होते आणि मनातल्या मनात सातवीच्या वर्गाला वारे शिकवत होते. शेजारच्या मोटारसायकलवरचा माणूस हेल्मेटची काच वर करून काहीतरी ओरडत होता. एरवी मी असल्यांकडे बघत नाही. दिवसभर शाळेत ओरडणारीच माणसं बघायची असतात, रस्त्यावर तरी सुट्टी हवी. पण त्याने पुन्हा टकटक केली म्हणून काच खाली घेतली. "मॅडम, तुमची गाडी धूर टाकतेय. मागे काही दिसत नाहीये आम्हाला." आरशात बघितलं तर मागची बस अर्धी नाहीशी झाली होती. निळसर, दाट, आळशी धूर माझ्या गाडीखालून निघून रस्ताभर पसरत होता. फुटपाथवरची एक बाई नाकाला रुमाल लावून माझ्याकडे असं बघत होती, की जणू मी हे मुद्दाम करते आहे. मी घाबरायला हवं होतं. गाड्यांना आग लागते, इंजिनं जळतात, काय काय ऐकलेलं असतं. पण उघड्या काचेतून तो वास आत आला आणि मी, पन्नाशी ओलांडलेली, भूगोल शिकवणारी, चारचौघांत शहाणी म्हणवणारी बाई, डोळे मिटून तो वास छातीभरून घेत बसले. सिग्नल हिरवा झाला तेही मला हॉर्नमुळेच कळलं.

जळक्या तेलाचा, किंचित गोडसर, घशाला खवखव लावणारा वास. आमच्याकडे त्याला रविवारचा वास म्हणत. रविवारी आम्हा भावंडांना कुणी हाक मारून उठवत नसे. मागच्या अंगणात अप्पा स्कूटरला किक मारत. पहिली फुकट, दुसरी फुकट, तिसरीला ती म्हाताऱ्यासारखी खाकरे, आणि मग तो धूर खिडकीतून थेट आमच्या अंथरुणापर्यंत येई. धाकटा पांघरुणातूनच म्हणे, "झाला सुरू दवाखाना." आणि खरोखर दिवसभर अंगणाचा दवाखानाच असायचा. स्कूटर एका कुशीवर कललेली, आईची सायकल चाकं वर करून उलटी, गवत कापायचं मशीन पोट उघडं टाकून पडलेलं, आणि जुन्या चादरीवर नटबोल्ट ओळीने मांडलेले, ज्या क्रमाने निघाले त्याच क्रमाने. अप्पांचं म्हणणं असं, की उघडणं काय, कुणालाही येतं. त्यांनी प्लग काढला की आम्ही दोघं शेजारी जाऊन बसत असू. ते तो काळा प्लग आधी डोळ्यांपाशी नेत, मग नाकापाशी, आणि डॉक्टरने जीभ बघून सांगावं तसं सांगत, "तेल जास्त पडतंय," किंवा "हवा कमी पडतेय." मग तो आमच्याकडे येई, आणि पॉलिश पेपरने तो चंदेरी होईपर्यंत घासायचा मान मिळावा म्हणून आम्ही एकमेकांच्या झिंज्या उपटत असू. लोकांच्या गाड्या बिघडत आणि मग लोक त्या दुरुस्त करत. आमच्या घरी काही बिघडायचंच नाही, कारण बिघाड यायच्या आधी अप्पा तिथे जाऊन बसलेले असत. आई दारातून म्हणायची, "मलाही एकदा त्या चादरीवर मांडा. माझे गुडघे वाजायला लागलेत." अप्पा मान वर न करता म्हणायचे, "वाजतायत तोवर ठीक. आवाज बंद झाला की सांग."

गाडी कशीबशी पुढे घेऊन मी एका बंद दुकानासमोर लावली, इंजिन थांबवलं, आणि तेव्हा कुठे माझं डोकं चालायला लागलं. हल्लीच्या गाडीला हा वास येत नाही. येऊच शकत नाही. पेट्रोलमध्ये तेल मिसळलेलं असेल तरच तो येतो, आणि पेट्रोलमध्ये तेल मिसळणारा माणूस आता या शहरात दिवा घेऊन शोधावा लागेल. आमच्या घरी मात्र तो मागच्या शेडमध्ये बसलेला असतो. काल जेवताना मी म्हटलं होतं, टाकी रिकामी झालीय, सकाळी पंपावर रांगेत थांबावं लागणार, उशीर होणार. अप्पा शेजारीच जेवत होते. सकाळी बघते तर काटा वर. मला वाटलं, नवऱ्याने भरलं. आता विचार करताना माझं मलाच हसू आलं, कारण पेट्रोलचं झाकण कुठल्या बाजूला आहे हे ज्याला अजून मला विचारावं लागतं, तो पहाटे उठून डबा ओतेल हे मला वाटलं तरी कसं. अप्पाच ते. उपाशी गाडी घराबाहेर काढायची नाही, हा त्यांचा नियम. कॉलेजच्या दिवसांत माझ्या मोपेडची टाकी मी कधी भरल्याचं आठवत नाही. परीक्षेच्या सकाळी सीट पुसलेली असे, टायर बोटांनी दाबून बघितलेले असत, टाकी काठोकाठ असे आणि अप्पा कुठेच दिसत नसत. पाठीवरून हात फिरवणं त्यांना जमलं नाही कधी. टाकी भरणं जमायचं.

हसू आलं तसं गेलंही. कारण याचा अर्थ दुसराही होता, आणि तो मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. मागच्या महिन्यात अप्पांनी दूध तापत ठेवलं, ते उतू जाऊन शेगडी विझली, आणि घरभर गॅस पसरला. नवरा बाहेरून आला तो दारातच थबकला, धावत जाऊन त्याने बटण बंद केलं, खिडक्या उघडल्या. अप्पा शेजारच्याच खोलीत आरामखुर्चीत पेपर वाचत बसले होते. "एवढा वास सुटलाय, अप्पा!" नवरा ओरडला, तर ते चष्म्यावरून बघत म्हणाले, "कसला?" त्या एका शब्दाने घर हादरलं. धाकटा दुसऱ्या शहरात असतो आणि उंटावरून शेळ्या हाकण्यात त्याचा हातखंडा आहे, पण या वेळी त्याचा आवाज खरंच घाबरलेला होता. "नाकासमोर गॅस आणि कळत नाही म्हणजे डोकं जायला लागलंय, ताई. तू मान्य करत नाहीस इतकंच. आणि त्या शेडमध्ये पेट्रोलचे डबे आहेत. उद्या काडी ओढली तर?" नवऱ्याने मान डोलावली. शेवटी ठरलं ते असं, की आणखी एक चूक झाली की शेडला कुलूप, यंत्रं भंगारात, आणि अप्पांना धाकट्याकडे न्यायचं, बाराव्या मजल्यावर, जिथे गवत नाही, गाडी तळघरात असते आणि बिघडली तर कंपनीचा माणूस येतो. हे सगळं अप्पांच्या समोरच ठरलं. ते उठून शेडमध्ये गेले आणि झुडपं छाटायच्या मशीनची पाती काढून धार लावत बसले. धार लावल्याचा तो आवाज जेवणापर्यंत येत होता.

आई गेली आणि अप्पा आमच्याकडे राहायला आले तेव्हा ते एकटे आले नव्हते. त्यांच्या मागून टेम्पो आला. त्यात आईचं कपाट होतं, कधीची न पळणारी स्कूटर होती, गवताचं मशीन, छाटणीचं मशीन, एक जनरेटर, आणि ती जुनी चादर. नवरा मला बाजूला घेऊन म्हणाला होता, "सासरे येणार होते ना? हे तर आख्खं वर्कशॉप आलंय." शेड बांधायची वेळ आली तेव्हा मात्र पत्रे धरायला तोच उभा राहिला. त्या शेडमध्ये दोन डबे होते, एकाच आकाराचे, एकाच रंगाचे. एकात साधं पेट्रोल, गवताच्या मशीनला आणि जनरेटरला. दुसऱ्यात तेल मिसळलेलं, छाटणीच्या मशीनला आणि स्कूटरला. डब्यांवर काही लिहिलेलं नव्हतं, कधीच नव्हतं. आई वर्षानुवर्षं म्हणत आली, "अहो, चिठ्ठ्या लावा. एखाद्या दिवशी गोंधळ होईल." त्यावर अप्पांचं उत्तरही वर्षानुवर्षं तेच. "नाक कशाला दिलंय देवाने? चष्मा टेकवायला?" झाकण फिरवायचं, डबा नाकाखालून एकदा न्यायचा, बस्स. मलाही ते शिकवलं होतं. डोळे मिटून ओळखायचं, साधं की तेलाचं. मी कधी चुकत नसे, धाकटा नेहमी चुके आणि रडे. आणि आता ज्याने शिकवलं त्यानेच तेलाचा डबा माझ्या गाडीत ओतला होता. गाडीत बसल्या बसल्या मला ते सगळं दिसलं: शेडचं कुलूप, भंगारवाल्याचा तराजू, बाराव्या मजल्यावरच्या गॅलरीत खाली बघत उभे असलेले अप्पा. हात कुठे ठेवायचे ते न कळणारे अप्पा.

शाळेत मुख्याध्यापिकाबाईंना फोन करून सांगितलं, गाडी बंद पडली. मग धूर सोडत सोडत, लोकांच्या शिव्या खात, जवळच्या गॅरेजपर्यंत गेले. गॅरेजवाला पन्नाशीचा, जाडा, आनंदी माणूस होता. मी गाडी आत घेतली तसा तो हातातलं काम टाकून आला, मागे जाऊन उभा राहिला आणि चक्क हुंगायला लागला. "अरे वा! किती वर्षांनी. कुणी भरलं हे?" मी म्हटलं, "वडिलांनी." "जुने दिसतात." "खूपच." तो हसला. टाकी आधीच रिकामी होती, त्यामुळे जवळजवळ सगळं तेलाचंच पेट्रोल गेलं पोटात, म्हणून एवढा धूर. इंजिनाला काही धाड भरलेली नाही, टाकी उपसतो, प्लग साफ करतो, संध्याकाळच्या आत गाडी घेऊन जा, असं त्याने एका दमात सांगितलं. मग जरा घुटमळून म्हणाला, "वडिलांना रागवू नका हं. आमच्या म्हाताऱ्याने तर ब्रेकच्या डबीत गोडं तेल घातलं होतं." मी विचारलं, "मग काय केलंत तुम्ही?" "काय करणार? दुकानात येऊ देणं बंद केलं." तो हे सहज बोलून गेला आणि बॉनेटखाली वाकला.

मी तिथेच बाकड्यावर बसून राहिले. घरी जावंसं वाटत नव्हतं, शाळेतही नाही. समोर एक स्कूटर उघडून ठेवली होती आणि तिचे नट पत्र्याच्या डबड्यात एकत्र टाकले होते. अप्पांनी बघितलं असतं तर उठून निघून गेले असते. आपलं माणूस कसकसं म्हातारं होत जातं ते रोज बघणाऱ्याला दिसत नाही म्हणतात, ते मला खरं वाटत नाही. दिसतं, पण आपण त्याला दुसरी नावं देतो. मी गेलं वर्षभर म्हणत होते, अप्पा निवळलेत. हा माणूस जन्मभर जेवणाच्या पानावर न्यायाधीश. पहिला घास तोंडात जाण्याआधीच निकाल. "खाली लागलंय." "तेल जुनं वापरलंस." लग्नानंतर पहिल्यांदा माझ्याकडे जेवले तेव्हा फोडणीच्या वासावरूनच म्हणाले होते, "घाई केलीस." आणि आता काहीही वाढा, मान खाली घालून जेवतात आणि म्हणतात, "छान झालंय." पहिल्यांदा म्हणाले तेव्हा मी ओट्यापाशी जाऊन डोळे पुसले होते. नवऱ्याला म्हटलंसुद्धा, बघ, या वयात का होईना, कौतुक केलं. आता बाकड्यावर बसून वाटलं, ते निवळणं नसेल. तेही डोकं जाण्यातलंच असेल. चव, मत, राग, सगळं एकेक नट सुटून पडत असेल आणि मी खुळी आनंद मानत बसले असेन. मला भीती वाटली. अगदी लहानपणी गर्दीत अप्पांचा हात सुटला की वाटायची, तसली.

गाडी ताब्यात मिळाली तेव्हा माझं ठरलं होतं. कुणाला काही सांगायचं नाही. नवऱ्याला म्हणायचं क्लच गेला होता. क्लच म्हणजे काय हे तो विचारणार नाही. धाकट्याला काहीच म्हणायचं नाही. तेलाचा डबा मी स्वतः माळ्यावर टाकेन आणि अप्पांना सांगेन, संपलं. हे बरोबर नाही हे मला कळत होतं. उद्या गॅसचं पुन्हा काही झालं तर मी स्वतःला कधी माफ केलं नसतं. पण बाराव्या मजल्यावर त्यांना नेऊन ठेवलं असतं तर तेही केलं नसतं. आता गाडीतून कसलाच वास येत नव्हता. ती निमूटपणे, नव्या गाड्या चालतात तशी चालत होती. मला थोडं चुकल्यासारखं झालं.

घरी आले तेव्हा उन्हं कलली होती. नवरा अजून यायचा होता. मी मागे गेले. शेडचं दार सताड उघडं होतं आणि अप्पा दारात स्टुलावर बसले होते. समोर दोन्ही डबे, दोन्हींची झाकणं काढलेली, मध्ये एक बशी. शेडची किल्ली त्यांनी गुडघ्यावर ठेवली होती. मला बघून ते उठले नाहीत.

"निळा होता की पांढरा?" त्यांनी विचारलं.

माझं खोटं जिभेवरच राहिलं. "निळा."

"मग इंजिन वाचलं. टाकी उपसली का?"

"उपसली. प्लगही साफ केले. तुम्हाला कसं कळलं?"

"तू फाटकाबाहेर वळलीस तेव्हा दिसला धूर. हाका मारल्या. तुझ्या काचा बंद. मग इथे येऊन बशीत ओतून बघितलं, बोटांवर चोळून. एक वाळलं, एक बुळबुळीतच राहिलं." त्यांनी बोटं पुढे केली, जणू मला पुरावा हवा होता.

"पण घालताना का नाही कळलं, अप्पा? वास नाही घेतलात?"

"घेतला. न घेता घालीन का?" ते एकदम चिडले, आणि त्या चिडण्याने मला इतकं बरं वाटलं. मग त्यांचा आवाज खाली आला. "दोन्हींचा घेतला. दोन्ही सारखेच. म्हणजे सारखेही नाही. काहीच नाही. विहिरीचं पाणी हुंगावं तसं. म्हटलं सर्दी असेल. तुला उशीर होत होता, अंदाजाने एक उचलला. अंदाजाने गाडीला हात लावायचा नसतो."

मी त्यांच्याकडे बघत राहिले. मग आत धावले. साबण आणला, फिनेलची बाटली आणली, कांदा चिरून आणला, आगकाडी ओढून विझवली. त्यांनी लहान मुलासारखं डोळे मिटून एकेक हुंगलं. "काय आहे?" मी विचारी, आणि ते दरवेळी मान हलवत. कांद्याने डोळ्यांतून पाणी आलं, वास नाही आला.

"गॅसच्या दिवशीही नव्हता आला?"

"नाही."

"मग सांगायचं नाहीत का? आम्ही काय काय बोललो तुम्हाला!"

अप्पांनी किल्ली गुडघ्यावरून उचलली, पुन्हा ठेवली. "तुम्ही सगळे एवढ्या खात्रीने बोलत होता. मलाही वाटलं, तसंच असेल. डोकं जाणाऱ्याला कुठे कळतं डोकं चाललंय ते. रोज सकाळी उठून पाढे म्हणून बघायचो मनात. येत होते सगळे. तरी वाटायचं, उद्या नाही येणार."

मी तिथेच मातीत बसले आणि रडले. रडताना हसूही येत होतं, कारण वर्षभराचं ते "छान झालंय" मला आठवलं आणि कळलं, की बिचाऱ्याला आपण काय खातोय याचा पत्ता नव्हता, आणि तेवढ्यावर मी स्वतःला सुगरण समजत होते. अप्पांना हे सांगितलं तर ते ओशाळले. "तू तोंडाकडे बघत उभी राहायचीस," ते म्हणाले, "काहीतरी म्हणायला हवं ना."

मग मी लाल रंग आणि ब्रश काढला. डब्यांवर काही लिहायचं म्हटल्यावर त्यांनी तोंड वाकडं केलं, पण डबे स्वतःच पुसून पुढे ठेवले. एकावर मी 'साधं' लिहिलं, एकावर 'तेलाचं'. "फळ्यावर लिहितेस तसं नको," ते म्हणाले, "सुवाच्य लिही." तेवढ्यात धाकट्याचा फोन आला. रोज या वेळी तो येतोच, शेळ्या मोजायला. मी अंगणाच्या कडेला जाऊन त्याला सगळं सांगितलं, पहिल्या टकटकीपासून. तो मध्ये एकदाही बोलला नाही, हेच नवल. मी म्हटलं, "डोकं नाही रे गेलेलं. नाक गेलंय."  मग त्याने विचारलं, "ताई, तो वास आला असेल ना पण? रविवारचा?" "आला." "तसाच?" "अगदी तसाच. काच खाली करून घेतला मी." "मला फोन लावायचा नाहीस का तेव्हाच," तो म्हणाला, आणि फोनवरून काय वास जाणार होता हे दोघांनाही कळत असून मला वाटलं, खरंच, लावायला हवा होता. मग तो पुन्हा धाकटा झाला: नाकाच्या डॉक्टरला दाखव, गॅसला अलार्म बसव, तो मी पाठवतो, तू भलता आणशील. शेडबद्दल एवढंच म्हणाला, "असू दे त्यांचं त्यांना."

मी परत आले तर अप्पांनी डब्यांची झाकणं लावली होती आणि हात धुऊन ते मागच्या दारात उभे होते. मी सांगितलं, शेड राहणार, धाकटा काही म्हणत नाही. त्यांनी मान हलवली, पण त्यांचं लक्ष नव्हतं. "एक काम होतं तुझ्याकडे," ते म्हणाले आणि उत्तराची वाट न बघता आपल्या खोलीकडे चालायला लागले. खोलीत जाऊन आईच्या कपाटासमोर उभे राहिले. माझ्याकडे न बघता, कपाटाशीच बोलावं तसं बोलले. "हे मी उघडायचो अधूनमधून. शेडमधून आलो की. नुसतं उघडायचं आणि बंद करायचं. तुझ्या आईचा वास असायचा. मागच्या वर्षी एक दिवस उघडलं तर काही नाही. म्हटलं गेला असेल. माणूस जाऊन इतके दिवस झाले, कपड्यांनी तरी किती धरून ठेवायचं. मग उघडणं सोडलं." ते थांबले. त्यांचा हात कपाटाच्या मुठीला लागला होता. "पण आता तू म्हणतेस, नाकच गेलंय. म्हणजे कदाचित... तू बघ जरा. तुझं चांगलं आहे."

आईचं कपाट मी ती गेल्यापासून उघडलं नव्हतं. जे उघडलं नाही ते संपत नाही, असं काहीतरी मनात धरून मी राहिले होते; ते उघडणारं माणूस घरातच आहे हे मला माहीत नव्हतं. दार ओढलं. पहिला वास आला तो पेट्रोलचा. वरची शाल उचलून तोंडापाशी नेली. पेट्रोल आणि तेल. तिच्याखालचा निळा स्वेटर, तेच. पुढचा कोटही तसाच. जिथे जिथे हात पोचत होता तिथल्या प्रत्येक कपड्याला अप्पांच्या बोटांचा वास होता. रविवारमागून रविवार ते येऊन कपडे चाचपत गेले होते आणि तिचा वास घेता घेता आपला ठेवून गेले होते. ती असती तर तिने घर डोक्यावर घेतलं असतं. "काय?" मागून अप्पांनी विचारलं. मी खाली वाकले, तळाशी हात घातला, आणि अगदी कोपऱ्यात घडी करून ठेवलेला तपकिरी स्वेटर ओढून काढला, जो ती तिच्या शेवटच्या थंडीत घालायची. त्याची मान उलगडली आणि नाक आत घातलं. केसांच्या तेलाचा, साबणाचा, आणि त्या दोन्हींच्या खाली आणखी एक, ज्याला काही नाव नाही. मी लहान होते, मला ताप होता, आणि ती माझ्यावर वाकली होती.

"आहे, अप्पा."

"नक्की? उगाच माझं मन राखायला म्हणू नकोस."

"आहे. तपकिरी स्वेटरला. मानेपाशी."

"बाकीच्यांना?"

"बाकीच्यांना तुमचा. पेट्रोलचा."

 मी स्वेटर त्यांच्यापुढे धरला. वास येत नसला तरी निदान हातात घ्यावा असं मला वाटलं. त्यांचे हात पुढे आले, अर्ध्यावर थांबले, आणि मग त्यांनी ते दोन्ही पाठीमागे नेले.

"नको. होता तसा ठेव. माझे हात नकोत त्याला." मग एकदम घाईने, शेडमध्ये बोलतात त्या आवाजात म्हणाले, "आणि दार लाव आधी. उघडं ठेवलं की उडतो."

मी स्वेटर तळाशी ठेवला आणि कपाट बंद केलं. अप्पांनी पुढे होऊन मूठ दोनदा ओढून बघितली, नीट लागलंय की नाही.